पायाळूची कंबर

“जरा दणकून हाण की रं! सरपंच म्हणून लाजू नको.”

आमचे सरपंच आबासाहेब सोप्यातल्या भिंतीला दोन्ही हात टेकवून, पूर्वेकडे तोंड करून वाकले होते. मी त्यांच्या मागे एका पायावर उभा. अंगणात आणखी तिघं जण ताटकळत होते. तिघंही डावीकडे कललेले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आमच्या दारात वारं सुटलंय.

“बोलू नगासा,” आई चुलीपासून ओरडली. “बोललं की गुण जातो.”

आबासाहेब गप्प झाले. ग्रामसभेत जे कुणाला जमलं नाही ते आमच्या सोप्यात आई रोज करायची.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आईला त्या दिवशी काय भोगावं लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्याचा मोबदला तिनं गावाला वाटून टाकला. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाच्या तीन लाथा खायच्या. उपाशीपोटी, न बोलता. आणि लाथा खाऊन झाल्या की मागं वळून न बघता घरी जायचं. गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा. मी रोज घरीच असायचो.

त्यामुळे वयाच्या सहाव्या वर्षापासून मी गावातल्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींना लाथा मारत आलो होतो. सोसायटीचे चेअरमन, हेडमास्तर, भजनी मंडळातले वीणेकरी. इतर पोरांना मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करावा लागायचा. मला मात्र चहा मिळायचा.

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या सकाळी आबासाहेबांना तिसरी लाथ बसली आणि माझ्याच कमरेतून कळ निघाली. अशी की उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं. आबासाहेब सरळ ताठ होऊन मागं न बघता निघून गेले. मी भिंत धरून उभा राहिलो.

“पुढचा गडी घे,” आई म्हणाली.

पुढचा गडी भिंतीला लागला. मी त्याला डाव्या पायानं उरकलं. त्याला काही फरक पडला नाही म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत आला.

मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या मणेरवाडीत बाजार भरत नव्हता, नदी नव्हती, एसटी मनाला येईल तेव्हा यायची. पण खो-खोचं मैदान असं होतं की, तालुक्याच्या गावातली पोरं पाहायला यायची. खंबाळे सरांनी ते शाळेच्या मागं स्वतः रोलर ओढून केलेलं. माझं काम होतं खांबावरचा सूर. पळणारा गडी खांबाला वळसा घालून निसटायला लागला की एका हातानं खांब धरायचा, अंग हवेत आडवं झोकायचं आणि दुसऱ्या हातानं त्याला टिपायचं. त्या क्षणी सगळा माणूस कमरेवर टांगलेला असतो. सुट्टी संपल्यावरच्या रविवारी सांगलीत जिल्ह्याच्या संघाची निवड होती, तिथून पुढं राज्य अजिंक्यपद. सर म्हणाले होते, “निवास, तू नुस्ता जाऊन उभा राहा. खांब तुला ओळखतो.”

आणि नेमकी माझी कंबर धरली.

आता पायाळूनं जायचं कुठं? स्वतःच्या कमरेत स्वतः लाथ मारता येत नाही. मी न्हाणीत प्रयत्न करून बघितला, त्यात बादली गेली. शेवटी आईनंच ओळखलं. तिनं मला तोंडाला टॉवेल गुंडाळून कुंडलजवळच्या एका वस्तीवर नेलं. तिथं एक पायाळू पोरगी होती, नववीतली. हातात भूगोलाचं पुस्तक घेऊन बाहेर आली.

“वाका,” ती म्हणाली.

मी वाकलो. तिनं पुस्तकातून नजर न काढता दोन लाथा मारल्या आणि थांबली.

“हे मणेरवाडीचं पायाळू न्हवं का? खो-खोवालं?”

आई म्हणाली, “न्हाई. ह्यो त्याचा चुलतभाऊ.”

“बोललं की गुण जातो,” पोरगी म्हणाली, आणि तिसरी लाथ जरा जास्तच मन लावून मारली.

कंबर तशीच राहिली. उलट उजव्या पायाचं काहीतरी बिनसलं. चप्पल चालता चालता पायातून निघून मागं राहायला लागली. अंगठा वर उचलायचा म्हटलं की तो ऐकल्यासारखं करायचा आणि तिथंच पडून राहायचा, दुपारी झोपलेल्या कुत्र्यासारखा. मी चपलेला मागून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि विषय संपवला. आईला सांगितलं नाही. सरांना तर नाहीच. रविवार जवळ होता.

सरावात मी सपाट मैदानावर, कुणी धक्का न देता, तोंडावर पडलो. खंबाळे सर जवळ आले. त्यांनी आधी मैदान पाहिलं, खड्डा आहे का म्हणून. खड्डा नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातानं ते मैदान दाबलेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“उद्या मिरजेला जायचं.”

“सर, नुस्ती उसण हाय.”

“उसण असती तर तू स्वतःच दवाखाना आहेस. चल गुपचूप.”

मिरजेत आमच्याकडचा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी जातो. सरांनी शोधून काढलेले डॉक्टर मैंदर्गी मणक्याचं काम करायचे. त्यांच्याआधी एका शिकाऊ डॉक्टरनं मला तपासलं. बिचारा रात्रभर जागा होता, डोळे गुलाबजामसारखे झाले होते.

“उजवा पाय वर ओढ. माझ्या हाताला जोर लाव.”

मी त्याच्या हाताखाली अलगद डावा पाय सरकवला आणि विचारलं, “साहेब, तुमची पण कंबर दुखतीय वाटतं? उभं राहायची पद्धत तशी दिसतीय.”

तो चमकला. “कसं कळलं?”

“आमच्या घरचा धंदा हाय.”

मग तो आपल्या कमरेबद्दल बोलत राहिला, मी त्याच्या तळहाताला डाव्या पायानं दणदणीत जोर दिला, आणि त्यानं लिहिलं, पायात ताकद व्यवस्थित. मला फार बरं वाटलं. सूर मारून गडी टिपल्यावर वाटतं तसं.

मशीनमध्ये घालून फोटो काढले. डॉक्टर मैंदर्ग्यांनी ते उजेडात लावून आईला आणि सरांना दाखवले. डॉक्टर उंच, शिडशिडीत, बोलायला मऊ.

“हे मणके. मधल्या या चकत्या. आणि इथं चकतीला लागून हा पाण्याचा फुगा आलाय. वाटाण्याएवढा. याला सिस्ट म्हणतात. तो पायाकडे जाणारी नस दाबतोय.”

“लाथा मारून झालं का हे?” आईनं विचारलं.

“कशाच्या लाथा?”

“पायाळू हाय ह्यो,” आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. मिरजेत कुणाला माहीत नव्हतं याचं तिला नवल वाटत होतं. “समदं गाव येतंय.”

डॉक्टर हसले नाहीत. “कशानं झालं ते सांगता येत नाही. क्वचित होतं, पण झालं तर असंच, पळणाऱ्या-वळणाऱ्या तरुण पोरांना होतं. नुसतं दुखत असेल तर थांबता येतं. गोळ्या, आराम. कधीकधी फुगा आपोआप बसतो. पण पायातली ताकद कमी व्हायला लागली असेल तर थांबायचं नाही. दबलेली नस फार दिवस दबली तर नंतर मोकळी करूनही उठत नाही.” ते माझ्याकडे वळले. “चालताना पाय अडखळतो? अंगठा उचलायला त्रास?”

“न्हाई, साहेब.”

“अजिबात नाही?”

“एकदम घोडा.”

सर खिडकीबाहेर बघत होते. आई माझ्याकडे. डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरचा कागद वाचला, दुमडला आणि टेबलावर ठेवला. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकले आणि कण्हले.

“पायाळू म्हणालात ना, आई?”

“व्हय.”

“माझी कंबर चार दिवस झाले धरलीय. ऑपरेशनला एक्स-रे लागतात म्हणून शिशाचा एप्रन घालून तासन् तास उभं राहायचं, दुसरं काय होणार.” त्यांनी उठून दाराची कडी लावली. “मारेल का तो मला?”

बाहेर कुणीतरी पपई विकत होता, ते एकदम ऐकू आलं.

“तुम्हास्नी?” आई पुटपुटली. “डॉक्टरास्नी लाथ?”

“सरपंचांना चालते, तर मला का नाही?” हे त्यांना कुणी सांगितलं ते मला कळलं नाही. सर अजूनही खिडकीबाहेरच बघत होते.

पण आई अशी बाई, की एकदा धंद्याची गोष्ट निघाल्यावर ती मिरज विसरली. “पूर्व कुठं हाय हितं? तिकडं तोंड करा. हात भिंतीला. न्याहारी झालीया का? झाली असंल तर गुण थोडा कमी येईल, पण यील. बोलायचं न्हाई. निवास, उजवा पाय.”

“डावा चालंल की.”

“उजवा!”

डॉक्टर भिंतीला वाकले. भिंतीवर मणक्यांचं मोठं चित्र होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे हात. मी चप्पल काढली. रबर आईला दिसू नये म्हणून पायानंच बाकाखाली ढकलली. उजवा पाय उचलला.

मांडी उठली. गुडघा उठला. पाऊल मात्र खालीच लोंबत राहिलं. तळवा लागायला हवा होता तिथं नुसती बोटांची टोकं डॉक्टरांच्या कोटावरून ओल्या फडक्यासारखी फिरली. मी घाईनं दुसरी मारली. तीही तशीच. तिसऱ्या वेळी मी जीव खाऊन मारली आणि तोल जाऊन बाकावर बसलो.

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून तसेच उभे होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

“निवास,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. “ही लाथ न्हाई.”

मी हसलो. “सकाळधरनं खाल्लं न्हाई काय—”

“मी अकरा वर्सं बघतीया. ही तुझी लाथ न्हाई.”

डॉक्टर सरळ झाले. कंबर धरलेला माणूस जसा हळूहळू सरळ होतो तसे नव्हे, झटकन. ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माझं उजवं पाऊल हातात घेतलं.

“कधीपासून?”

मी पाऊल सोडवून घ्यायला बघितलं.

“विचारत्यात ते,” आई म्हणाली.

“दिवाळीच्या सुट्टीपासनं.”

“आजच करू,” डॉक्टर सरांना म्हणाले. “दुपारी.”

सरांनी खिडकी सोडली. “डॉक्टर, रविवारी निवड आहे.” ते म्हणायचं म्हणून म्हणाले. दोन वर्षं ते त्या रविवारची वाट बघत होते, मला माहीत होतं. डॉक्टरांनी नुसतं माझं पाऊल सोडलं. ते थपकन खाली पडलं. सरांनी ते पडताना पाहिलं आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बसलेला गडी खो मिळाल्याशिवाय उठतो का रे?”

“न्हाई.”

“मग बस आता. खो मिळाला की उठ.”

ऑपरेशन म्हटल्यावर मला वाटलेलं, झोपवतील आणि उठवतील. पण मला पालथं घातलं, पाठीला बाजूनं बधिर करायची सुई टोचली आणि डॉक्टर म्हणाले, “जागा राहा. नसेजवळ काम आहे. पायात वीज गेल्यासारखं वाटलं की लगेच सांग. बोलत राहा.”

जगात हे एकच ठिकाण असेल जिथं मला बोलत राहा म्हणून सांगितलं. आणि मी रुसलेलो होतो. म्हणून बोललो नाही.

“पाठ उघडायची नाहीये,” डॉक्टर म्हणाले. “पेन्सिलीएवढी नळी बाजूनं आत जाईल, तिच्यात कॅमेरा. ते बघ, पडद्यावर.”

मान तिरकी केली की पडदा दिसायचा. समुद्राखालचा कार्यक्रम असतो तसं दिसत होतं. पांढरं, गुलाबी, मधून पाणी वाहतंय. एवढं सगळं आपल्या पाठीत चालू असतं आणि आपण वर शर्ट घालून हिंडतो.

“खांबावर सूर कसा मारतात?” डॉक्टरांनी विचारलं.

मी गप्प.

“मला तरी वाटतं त्यात काही अवघड नसावं. खांब असतो धरायला.”

“खांब धरायला नसतो!” मी भडकलो. “खांब सोडायला असतो. धरून ठेवला तर हात निखळंल. गडी बघायचा न्हाई, त्याची सावली बघायची...” आणि मग मी सुरू झालो. वेळापूरच्या पोराला कसं टिपलं, पंचानं कसा चुकीचा निर्णय दिला, मी पंचाला कमरेच्या दुखण्यावरून कसा ओळखत होतो. मध्येच पायात वीज गेली आणि मी आईच्या नावानं ओरडलो. डॉक्टर थांबले. जरा तिरपे झाले. पडद्यावर एक पारदर्शक पिशवी दिसली. कोंबडीच्या पिल्लाच्या डोळ्यावरच्या पडद्यासारखी. ती फुटली आणि थेंबभर पाणी निघालं.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच.”

एवढ्याशा पाण्यानं माझा रविवार बुडाला होता. पण कमरेतली कळ मात्र गेली. लाईट गेल्यावर पंख्याचा आवाज बंद होतो तशी. तो चालू होता हेच मग कळतं.

“आता अंगठा वर कर.”

“केला.”

डॉक्टर माझ्या पायाशी गेले.

“कर बघू.”

“केला की, साहेब.”

डॉक्टरांनी हात माझ्या पोटरीवर ठेवला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “वेळ लागतो कधीकधी.” आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी मी घरी पलंगावर होतो. वाकायचं नाही, उचलायचं नाही. सांगलीला माझ्या जागी धाकट्या तुकडीतला एक पोरगा गेला आणि निवडून आला. पेढा घेऊन आला तेव्हा आईनं त्याचं कौतुक केलं, मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता, हे मला अजून आठवतं आणि अजून राग येतो.

अंगठा हलेना. आई रोज सकाळी पलंगाच्या पायथ्याशी बसून त्याच्याकडे बघायची. दुधावर साय यायची वाट बघतात तसं. “आज हललाय जरासा.” “न्हाई, आई.” “मला दिसलं.” मग चुलीकडे जायची. दारात कुणी कललेला माणूस आला की त्याला परत लावायची. “दवाखाना बंद हाय.” एवढंच म्हणायची. गावात उसण तुंबली.

शेवटी एका सकाळी आबासाहेब आले. आईनं नाही म्हटल्यावर ते सोप्यातच पालथे पडले.

“मी उठत न्हाई.”

“सरपंच हायसा तुम्ही.”

“म्हनून तर. उपोषण समज.”

पलंगावरून मला त्यांची पाठ दिसत होती. इतकी रुंद, इतकी ओळखीची, नेमकी कुठं मारायची ते इतकं पाठ असलेली. अकरा वर्षांची सवय. मी काही केलं नाही. देवाशपथ काही केलं नाही. पण माझा उजवा अंगठा, त्या पाठीकडे बघून, उठला.

आई आत पळाली आणि बाहेर आली. परत आत पळाली. आबासाहेब जमिनीवरून विचारत होते, “मारतोस का आता?” आईनं त्यांना तीन वेळा चहा पाजला, पण लाथ मिळाली नाही.

पुढं मिरजेला दाखवायला गेलो तेव्हा खंबाळे सरही होते. डॉक्टर मैंदर्ग्यांनी मला टाचांवर चालवलं. उजवं पाऊल थोडं रेंगाळत होतं, पण वर राहत होतं. “उन्हाळ्यानंतर मैदानावर,” ते सरांना म्हणाले. सरांनी चष्मा पुसायला काढला. काचा स्वच्छ होत्या.

मला मात्र एक शंका होती. “साहेब, तुमची कंबर बरी झाली का?”

डॉक्टरांनी सरांकडे बघितलं. सरांनी पुन्हा खिडकी गाठली.

“मला कुठं काय झालं होतं?” डॉक्टर म्हणाले. “तू दारातून आत आलास तेव्हा तुझं एक पाऊल थप् थप् वाजत होतं आणि कागदावर लिहिलेलं, ताकद व्यवस्थित. तुला विचारलं, तू म्हणालास घोडा. म्हटलं, आता पाय हातात घेतला तर हा पुन्हा काहीतरी खेळ करेल. सरांनी सांगितलं होतं आधीच, पोरगं सगळ्याची थट्टा करतं, लाथेची तेवढी करत नाही.”

मी हसलो. फसवला गेलो होतो, पण पद्धतशीर. खांबाजवळ मी दुसऱ्यांना फसवायचो तसाच.

आई हसत नव्हती.

“म्हंजी तवा तुमची कंबर दुखतच नव्हती?”

“नाही, आई.”

“धडधाकट माणसाला लाथ मारली ह्यानं?” तिचा चेहरा पांढरा पडला. “दुखत्या माणसाला मारली तर ते औषिद. धडधाकट माणसाला मारली तर ती लाथच की! तेबी डॉक्टरास्नी! निवास, पड पाया त्यांच्या.”

“अहो, मीच सांगितलं होतं—”

“पड पाया!”

मी वाकायला लागलो.

“वाकू नको!” डॉक्टर आणि सर एकदम ओरडले.

मी मध्येच थांबलो.

“अजून महिनाभर वाकायचं नाही त्यानं,” डॉक्टर म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. पदर डोक्यावर नीट केला. सगळ्या गावाला आमच्या सोप्यात वाकायला लावणारी ती बाई खाली बसली आणि तिनं डॉक्टरांच्या बुटांवर कपाळ टेकवलं. डॉक्टर मागं सरायला गेले, मागं भिंत होती.

“अहो आई, उठा, उठा.”

ती उठेना. मला वाटलं, हिला पण उसण भरली. मग तिचे खांदे हलताना दिसले. दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आणि मला वाकायला बंदी होती, म्हणून तेव्हाही मला तिचं तोंड दिसलं नाही.